पलंगाला पिळलेली तार

"तुमचे दीर विमानात असतात ना?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "विमानात नाही, विमानाखाली."

खोटं नाही ते. आमच्या भाऊजींचं निम्मं आयुष्य विमानाच्या पोटाखाली उताणं पडून गेलं आहे. वस्ती संपते तिथे गवताचं एक लांबलचक मैदान आहे, कडेला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये तीन छोटी विमानं. ही हौशी लोकांची विमानं. दोन माणसं बसली की भरली. ज्यांना आकाशात कुठे पोचायचं नसतं, नुसतं जाऊन यायचं असतं, अशी माणसं सुट्टीच्या दिवशी येतात, तासभर फिरतात आणि उतरल्यावर आठवडाभर पुरेल एवढ्या गप्पा मारतात. त्यांचा म्होरक्या कॅप्टन. कॅप्टन म्हणजे खरं तर दातांचे डॉक्टर, पण मैदानावर त्यांना डॉक्टर म्हटलेलं खपत नाही. ही विमानं उडती ठेवायची ती भाऊजींनी. तिथे त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात.

शेडच्या भिंतीवर एक मोठी पांढरी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक पान्याचा, पकडीचा, हातोडीचा आकार काळ्या रंगाने रंगवलेला. पाना खिळ्यावर टांगलेला असला की काळं झाकलं जातं. काढला की भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. पाना काढताना त्याच्या जागी स्वतःचा पितळी बिल्ला अडकवायचा, म्हणजे तो कुणाच्या हातात आहे ते कळतं. सकाळी काम सुरू करण्याआधी फळीकडे बघायचं, संध्याकाळी शेड बंद करण्याआधी बघायचं. एक जरी जागा रिकामी दिसली तर त्या दिवशी हात लावलेलं विमान उडत नाही. पाना विमानात राहिला असेल, हवेत घरंगळत जाऊन सुकाणूच्या दोरीत अडकेल, मग वरचा माणूस वळायला जाईल आणि विमान वळणार नाही. हे मला भाऊजींनीच एकदा, पाण्याचा नळ दुरुस्त करता करता सांगितलं होतं. नळ दुरुस्त करायला त्यांनी शेजाऱ्यांची पक्कड मागून आणली होती. शेडमधलं हत्यार घरी आणायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम.

दुसरा नियम सगळ्यांचा. विमान उघडून परत बंद केलं की पहिल्या उड्डाणात मिस्त्रीने शेजारी बसायचं. यावर माझी जाऊ म्हणायची, "नवरा कामात चोख आहे की नाही हे मला कुणी सांगायला नको. संध्याकाळी जेवायला येतो, तेवढं पुरे."

माझी जाऊ आता नाही.

आमची घरं एकाच जिन्याला, समोरासमोर. तिच्या आजारपणात पुढच्या खोलीत भाड्याचा लोखंडी पलंग आणला होता, डोकं वर-खाली करता येतं तसला. दिवसा मी तिच्याजवळ असायचे. शेवटी तिला दवाखान्यात हलवलं आणि तिथून ती परत आली नाही. माणसं आली, बसली, गेली. भाऊजी रडले नाहीत. रडू आवरून धरलंय असंही दिसत नव्हतं. चहा दिला की प्यायचे, नाही दिला की आठवण करायचे नाहीत. एकदा मी भाजीत मीठ घालायला विसरले. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, भाऊजींनी पानातलं सगळं संपवलं. "अळणी आहे हो," मी म्हटलं. "हो का?" म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

मैदानाच्या सपाटीकरणाचं काम निघाल्यामुळे ती घरी आजारी होती तेव्हापासूनच उड्डाणं बंद होती आणि शेडला कुलूप होतं; किल्ल्या भाऊजींकडे. काम उरकलं तसा कॅप्टनचा निरोप आला. भाऊजी सायकल काढून निघाले तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, हात कामाला लागले की माणूस मागोमाग येईल.

त्या दिवशी त्यांनी पिवळीचं काम केलं. पिवळी म्हणजे तिघांतलं सगळ्यात जुनं, पिवळ्या रंगाचं विमान. तेल बदललं, सुकाणूच्या दोऱ्या ताणून बघितल्या, झाकणं लावली. संध्याकाळी फळीकडे बघितलं तर दहा नंबरच्या पान्याची जागा काळीभोर. बिल्ला नाही, पाना नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, कारण सकाळी ते न खाता गेले होते. पिवळी सोलून ठेवल्यासारखी उभी होती. आसनं बाहेर, तळाच्या फळ्या बाहेर, शेपटीजवळची झाकणं गवतावर ओळीने मांडलेली. भाऊजींचं कमरेपर्यंतचं अंग विमानात आणि पाय बाहेर. कॅप्टन दातांचा आरसा हातात घेऊन शेपटीच्या भोकात डोकावत होते.

"या वहिनी," ते म्हणाले. भाऊजी म्हणतात म्हणून तेही मला वहिनीच म्हणतात. "माणसाच्या तोंडात काही हरवलं तर मी दोन मिनिटांत काढतो. हिचं तोंड कुठे संपतं तेच कळत नाही."

"सापडला नाही?"

"नाही. लोहचुंबक फिरवलं, आरसा फिरवला. मिस्त्री म्हणतोय अजून एकदा."

विमानातून आवाज आला, "अजून एकदा बघतो."

जेवताना मी विचारलं, "भाऊजी, काल दहाचा पाना हातात घेतला होता का तुम्ही?"

त्यांनी घास तोंडाजवळ थांबवला. "घेतला असणार. तेलाच्या कामाला बहुतेक तोच घेतो. पण सरकत्या पान्यानेही भागतं." मग म्हणाले, "आठवत नाही, वहिनी. काम केलं एवढं माहितीये. झाकणं नीट लागलीत, बोल्टच्या तारा नीट पिळल्यात. मीच केलंय. पण करताना मी होतो असं आठवत नाही."

"अरे होतं असं," कॅप्टन म्हणाले. "मी एकदा भलताच दात उपटणार होतो."

"उपटला नाहीत ना?" मी विचारलं.

"पेशंट ओरडला म्हणून."

"पिवळी ओरडत नाही," भाऊजी म्हणाले. रागाने नव्हे, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं. "पाना सापडला नाही तर मी शेडच्या किल्ल्या तुम्हाला देतो. ज्याला आपण काय हातात धरलं ते आठवत नाही, त्याने विमानाला हात लावू नये."

  चहाची भांडी उचलून ठेवतो म्हणावं, तितक्या सहज सांगून ते परत विमानात शिरले. मला मात्र दिसत होतं. किल्ल्या दिल्या की हा माणूस समोरच्या घरात, त्या रिकाम्या पलंगाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि मी चहा दिला तर पिईल.

पिवळी तशीच उघडी राहिली. दोन दिवसांनी पलंग न्यायला माणसं आली. दोघं होते, एक दांडगा आणि एक बोलका. भाऊजी शेडवर होते, म्हणून मी दार उघडून दिलं. गादी मी आधी काढू दिली नाही; चादर, उशी माझ्या हाताने काढली, गादी तशीच होती. ते दोघं खाली बसून कठडा सोडवायला लागले. जरा वेळाने बोलका म्हणाला, "ताई, हे कोणी केलंय हो?"

"काय?"

"बोल्ट बांधून ठेवलाय तारेने. एवढे पलंग उचलले, कुठे असलं बघितलं नाही. चोर नेणार होते का बोल्ट?"

मी वाकून बघितलं. कठड्याच्या मोठ्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडलेलं होतं. त्यातून चकचकीत बारीक तार घेऊन, दोन पदरांना घट्ट, एकसारखा पीळ देत ती पलंगाच्या नळीला ओढून बांधली होती. तारेचं टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. हा पीळ मी शेडमध्ये पाहिला होता. हवेत हादरे बसून बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला भाऊजी अशीच तार बांधतात.

तेव्हा मला आठवलं. कूस बदलली की हा कठडा करकरायचा. जाऊ वैतागायची. "माझ्यापेक्षा यालाच जास्त दुखतंय," म्हणायची. मग एक दिवस आवाज यायचा थांबला. मी समजले गादी जरा सरकवल्यामुळे असेल.

"कापू का?" दांडग्याने पक्कड काढली.

"थांबा," मी म्हटलं, आणि गादी उचलली. खाली, पलंगाच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, दहाचा पाना पडलेला होता. शेजारी हात पुसायचं फडकं, व्यवस्थित घडी घातलेलं.

"आज नका नेऊ पलंग. उद्या या."

"ताई, टेम्पो आणलाय आम्ही."

"तर मग रिकामा न्या. बसा आधी, चहा करते."

चहावर त्यांचा राग उतरला. ते गेल्यावर पाना पदराखाली धरून मी मैदान गाठलं. उघड्यावर न्यावासा वाटला नाही, का ते सांगता येणार नाही.

भाऊजींनी पाना हातात घेतला, उलटा केला, बघितला. "कुठे होता?"

मी सांगितलं. तारेचंही सांगितलं.

"मी?" ते म्हणाले. पाना परत उलटा करत म्हणाले, "मीच असणार. तार माझीच." त्यांनी आठवायचा प्रयत्न केला असावा, कपाळावर तेवढी एक आठी आली आणि गेली. "हत्यार घरी नेलं मी."

कॅप्टन पुढे झाले. "सुटलो! मिस्त्री, पिवळीत पाना नव्हताच. चला, मिटलं."

"मिटलं कसं? पाना आधीपासूनच नव्हता, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी जागा रिकामी होती. म्हणजे सकाळी मी फळी बघितलीच नाही." ते फळीसमोर जाऊन उभे राहिले. "समोर उभा राहिलो असेन. बघितली नाही."

त्यांचं बरोबर होतं, हेच वाईट होतं. सापडलेल्या पान्याने त्यांची चूक पुसली नाही, पक्की केली. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या.

कॅप्टननी किल्ल्यांकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. थट्टा सोडून बोलताना ते फार हळू बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. "असं करू. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी इथे येतो. आपण दोघं फळी बघू. तू मोठ्याने नाव घ्यायचं, मी बोट लावायचं. संध्याकाळी परत. झाकण लावण्याआधी आत मीही बघणार, आरसा घेऊन. दोघांना दिसलं तरच दिसलं."

"किती दिवस?"

"तुला दिसायला लागेपर्यंत."

"आणि नाही लागलं तर?"

"तर मला लवकर उठायची सवय लागेल. बायको खूश होईल."

 भाऊजींनी किल्ल्या परत खिशात टाकल्या. हसले नाहीत, आभार मानले नाहीत. "आसनं घ्या तिकडून," एवढंच म्हणाले.

पिवळी बंद करायला दुपार गेली. प्रत्येक झाकणाआधी आरसा आत गेला. नियमाप्रमाणे भाऊजी कॅप्टनच्या शेजारी बसले, पट्टा आवळला. विमान गवतावरून धावत गेलं आणि उचललं गेलं. मी झाडाखाली डब्याजवळ बसले होते. खालून बघताना पिवळी फार हलकी दिसते, कुणी फुंकर घातल्यासारखी. मैदानाभोवती एक मोठी फेरी मारून ती उतरली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"उजवीकडे किंचित ओढतेय. बघायला हवं."

मग ते फळीपाशी गेले. दहाचा पाना नुकताच जागेवर टांगला होता, तो परत काढला. कॅप्टनकडे बघितलं. "पलंगाचं एवढं काम करून आणतो."

"बिल्ला लाव आणि ने."

त्यांनी पितळी बिल्ला अडकवला. काळ्या जागेवर तो जरा वेळ हलत राहिला.

घरी आल्यावर ते पलंगाशेजारी जमिनीवर बसले. बांधलेली तार बोटाने वरून खालपर्यंत चाचपली, दुसऱ्याचं काम तपासावं तशी. कापली. तारेचे तुकडे वेचून शर्टाच्या खिशात टाकले. कापलेली तार जमिनीवर ठेवायची नाही, ही पण शेडमधलीच सवय. पाना लावला आणि थांबले.

"वहिनी, आवाज थांबला होता का याचा?"

"थांबला होता."

"नक्की?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाढ झोपली होती. कूस बदलली, तरी जाग आली नाही. मीच पडदा ओढला."

त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारतील म्हणून मी दारात थांबले, पण त्यांनी विचारलं नाही. बोल्ट काढला, कठडा भिंतीला टेकवला, पाना फडक्याने पुसला.

"मी हा लावून येतो," म्हणाले. "बिल्ला तिकडे राहिलाय."

"चहा ठेवू का आल्यावर?"

ते जिन्यात होते. पावलं थांबली.

"ठेवा," खालून आवाज आला. "साखर जरा कमी. काल फार होती."