चांदणीचा गूळ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी बाजूला ठेवते. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही आबांना ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. अंबरनाथला, बुवापाड्याच्या पलीकडे आमचं घर आणि घरामागे तबेला. तबेल्यात एकच घोडी, चांदणी. उल्हासनगरच्या लग्नांत नवरदेव तिच्यावर बसून मिरवायचे. मी बदलापूरची, लग्न होऊन आले तेव्हा गाईलासुद्धा घाबरायचे. पण त्या घरात मला सगळ्यांत आधी कुणी माया लावली असेल, तर तिने.

मग तिचे केस वाढायला लागले. भर उन्हाळ्यात अंगावर अस्वलासारखी झुलपं, आणि बादल्याच्या बादल्या पाणी प्यायची. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, वयामुळे हार्मोन्स बिघडलेत. गोळ्या दिल्या आणि गोड बंद केलं — गुळाचा खडाही नको, नाहीतर पाय जातील. आबांनी भीत भीत निर्गुंडीचं विचारलं. बारवी धरणाकडच्या पाड्यांतून लोक त्यांच्याकडे पाल्याच्या औषधाला यायचे, आबांच्या हाताला गुण आहे म्हणायचे. डॉक्टर हसले. द्या म्हणाले, पण गोळी चुकवू नका.

आबांनी सगळं पाळलं. वरातीत नवरदेवाच्या बहिणी घोडीला गूळ घातलेली चण्याची डाळ भरवतात, तीही त्यांनी बंद केली. लग्नघरची माणसं तोंडावर बोलायची, तरी आबा ऐकायचे नाहीत. निर्गुंडीचा पाला सावलीत सुकवून, मेथी घालून, स्वतः कुटायचे. भरवायचं काम माझं. आणि बाईसाहेब तोंड फिरवायच्या! कडूजहर ते, गोळीही त्यातच. आबा रोज ओसरीवरून विचारायचे, "खाल्लान का गो?" रोज नाही म्हणायचं माझ्या जिवावर यायचं. म्हणून मी — म्हणून एकदा त्यात थोडा गूळ मळला.

एवढंच असतं तर मी बोललेही नसते. खरं सांगू? आबांचा चेहरा पडू नये, हे नुसतं निमित्त होतं. मी दिसले की चांदणी खिंकाळायला लागली. ओठांनी माझा तळहात चाटूनपुसून साफ करायची. त्या घरात माझी अशी वाट दुसरं कोण बघत होतं? गूळ वाढत गेला. मग पाल्याची वेळ नसतानाही जायला लागला. डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. शेजारीच उभी होते.

एका सकाळी चांदणी जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खुरांना हात लावला तर तापलेले. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, गोड काही जात होतं का? आबांनी तिच्या मानेवर हात ठेवला. "डाक्टर, हिची शपत. कनभर गूल गेला नाय हिच्या पोटान."

डॉक्टर जरा घुटमळले. मग तुमचा पालाच बाधला असेल, म्हणाले.

माझ्या तळहाताला गूळ चिकटलेला होता. मी मूठ मिटली आणि पदराखाली घेतली. बोलले असते तर चांदणी वाचली असती? माहीत नाही. आबा मात्र वाचले असते.

ती गेली त्या दिवशी मी तबेल्यात बसून रडत होते. आबाच जवळ आले. "तू नको ररू गो पोरी. तू तं येलवर भरवलंस. माझाच पाला वंगाल."

त्यानंतर त्यांनी कुणाला औषध दिलं नाही. लोक अजून येतात, आबा हात जोडून परत पाठवतात. कुंपणालगतची निर्गुंडी मुळासकट काढून टाक, असं त्यांनी मलाच सांगितलं. मी कुदळ घेतली आणि काढली. खूप खोल गेली होती मुळं. मी दमले तेव्हा आबांनीच आतून तांब्याभर पाणी आणून दिलं.

मी ते प्याले.