वस्तादांनी मळलेला गुडघा

माझी किक अशी होती की पंचगंगेत पडलेला बॉल थेट नृसिंहवाडीच्या घाटाला लागायचा, आणि तिथली माणसं म्हणायची, "कोल्हापुरात गोल झाला वाटतं." ह्यात एक अक्षर खोटं असेल तर माझा डावा गुडघा मोडो. उजवा आधीच मोडलाय.

शाळेत होतो तेव्हा समोरचे गोलकीपर माझं नाव ऐकून तापानं फणफणायचे. कॉलेजात प्राचार्य मला बघून खुर्चीतनं उठायचे. पण आमच्याकडं शाळा-कॉलेज नंतर. माणूस आधी पेठेचा, पेठेच्या तालमीचा. तालमीत कुस्तीही आणि फुटबॉलचा संघही, आणि दोन्हींचा डॉक्टर एकच: वस्ताद.

रविवारी पेठेची फायनल, समोर शेजारची पेठ. सोमवारी विद्यापीठ संघाची निवड. आणि शुक्रवारी सरावात माझ्या गुडघ्यात कट्कन वाजलं. कॉलेजचे सर म्हणाले, "डॉक्टरला दाखव. तोवर बॉलला पाय लावायचा नाही."

मी गाढव, गेलो वस्तादांकडं.

"डॉक्टर? ती कापायलाच बसल्यात!" म्हणत त्यांनी वाटीभर तेल ओतलं आणि भाकरीचं पीठ मळावं तसा गुडघा मळला. माझ्या बोंबेनं हातकणंगल्याला रेल्वे थांबली असणार.

"वरडतोस काय रं? पेठेचा हाईस न्हवं?"

ह्या प्रश्नाला आमच्याकडं दुसरं उत्तरच नाही. "व्हय की," म्हणालो.

रविवारी खेळलो. अर्ध्या मैदानावरनं गोल मारला आणि तिथंच कोसळलो. पेठेनं मला खांद्यावर घेऊन गुलालात बुडवलं. पाय मेल्या कोंबडीच्या मानेसारखा लोंबत होता, एकाही भडव्यानं खाली बघितलं नाही. सोमवारी विद्यापीठाची निवड माझ्याविना झाली. मी खाटेवर, आत लिगामेंट तुटलेलं. त्यानंतर मैदानात उतरलो तो फक्त सत्काराला. दरवर्षी फेटा बांधतात, नारळ देतात. दरवर्षी तो नारळ कुणाच्या तरी टाळक्यात घालावा वाटतो.

गेल्या महिन्यात वस्तादांचाच गुडघा गेला. शहाळं घेऊन भेटायला गेलो. बघतो तर मोठा दवाखाना, एसीची खोली, ऑपरेशन करून नवा गुडघा बसवलेला.

"वस्ताद, तेल न्हाय लावलं?"

"खुळा का काय तू?" ते म्हणाले. "गुडघा हाय त्यो! तेलानं बरा हुतो व्हय?"

मी शहाळं उचललं, लंगडत दोन जिने उतरलो आणि फाटकाशी बसून एकट्यानं प्यालो. मलईसकट.