दोन्हीकडे शून्य

माझ्या नणंदेचं काम ऐकून लोक आधी हसतात, मग पायाखाली बघतात. वन्सं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सूत्रकृमी मोजतात. सूत्रकृमी म्हणजे मातीत राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, धाग्यासारखे जीव. काही मुळं खातात, काही मातीतले जिवाणू खातात, आणि काही शिकारी असतात, म्हणजे बाकीच्या कृमींवरच जगणारे. कुठल्या जमिनीत कोण किती, यावरून त्या जमिनीची तब्येत कळते. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं होतं. मी हातातला मुळा पुन्हा नळाखाली धरला. "धू बाई," त्या म्हणाल्या, "आजवर पोटात गेले ते काही परत येत नाहीत."

अशा बोलणाऱ्या बाई. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचे यजमान गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. वन्सं रडल्या नाहीत. रजा संपली तशा कामावर जायला लागल्या. त्यांचं घर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, म्हणून संध्याकाळी मी डबा घेऊन जायची आणि समोर बसून वाढायची. वाढलेलं जेवायच्या, विचारलेल्याचं उत्तर द्यायच्या.

"मीठ नीट पडलंय का?"

"असेल."

माझंही वेगळं नव्हतं. पहाटेची प्रार्थना चुकवली नाही, पण शब्द नुसते ओठांवरून जायचे. देवाकडे काय मागावं तेच सुचत नव्हतं.

गावाबाहेर वन्संच्या यजमानांची जमीन आहे. अर्ध्या जमिनीत त्यांचा धाकटा भाऊ भाजीपाला करतो. नांगरणी, खतं, फवारणी, वर्षभर काही ना काही चालू. उरलेल्या अर्ध्यात गवत आणि जुनी झाडं. तिथे यजमानांनी उभ्या आयुष्यात नांगर घालू दिला नव्हता. सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचे, बस्स. आता ते गवत राहायचं की जायचं, हे वन्संच्या एका शब्दावर होतं.

वन्संचे हे दीर म्हणाले, "वहिनी, गवत काय आपल्याला खायचंय? नांगरून टाकू."

"माती बघते," वन्सं म्हणाल्या. "दोन्हीकडे सारखी निघाली तर नांगरा."

"चालेल. किडे म्हणतील तसं."

दिरांच्याच गाडीतून दोघं गेली. वन्संनी गिरमिटाने दोन्हीकडची माती काढली, पिशव्या बांधून गाडीत ठेवल्या. तिथून दोघं जमीन नावावर करायच्या कचेरीत गेली. कचेरीच ती, सगळी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी वन्संनी प्रयोगशाळेत नेहमीसारखी माती लावली. पाण्याने भरलेल्या नरसाळ्यावर जाळी, जाळीवर कागद, कागदावर माती. जिवंत सूत्रकृमी वळवळत खाली उतरतात आणि नरसाळ्याच्या रबरी नळीत जमतात. ते पाणी काढून भिंगाखाली मोजायचं.

दिरांना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, आज दूधवाला आला नाही हे सांगावं तसं. "दोन्हीकडे शून्य."

"म्हणजे सारखंच की."

"सारखंच."

ते गेल्यावर मी विचारलं, "वन्सं, एकही नाही? असं होतं का कधी?"

"आलंय तसं खरं," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. एकटं सोडवेना. ऊन रणरणत होतं. आम्ही झाडाखाली उभ्या. ट्रॅक्टर गवतातून एकदा गेला, वळला, परत आला. मागे काळी माती उलटी पडत होती. वन्सं त्याकडे बघत होत्या, आणि बघतही नव्हत्या.

दिरांनी गाडीतून पाण्याची बाटली आणली, घोट घेतला आणि थुंकून टाकला. "घ्या वहिनी, यात पत्ती टाका, चहा तयार. सकाळपासून गाडीत राहिली."

वन्संनी बाटली हातात घेतली. तशीच धरून ठेवली. मग माझ्या हातात दिली आणि चालत जाऊन ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. आम्ही दोघं धावलो.

"ते मी मारले," वन्सं म्हणाल्या.

दीर घाबरून ट्रॅक्टरच्या चाकाखाली बघायला लागले. "कुणाला?"

"पिशव्या दुपारभर तुमच्या गाडीत होत्या. बंद काचा, वर ऊन. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, माती सावलीत ठेवा, भाजलेल्या मातीतून कोणी खाली उतरत नाही." आवाज सपाट होता, वाचून दाखवल्यासारखा. "तुमच्या भाजीत कमी निघाले असते. शून्य कुठल्याच शेतात निघत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, नसेल काही. कुठेच काही नसेल."

दीर चाचरत म्हणाले, "आता आलाच आहे ट्रॅक्टर, तर..."

"परत बघेन. तोवर नाही."

दिरांनी माझ्याकडे बघितलं. मी मातीकडे बघितलं. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला हात केला, "काढ बाबा बाहेर."

या वेळी पिशव्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसले. दीर आरशातून बघून म्हणाले, "बाळाला नेतात की काय असं." कोणी हसलं नाही, पण ते म्हणाले हे बरं झालं.

निकालाच्या दिवशी वन्संनी आम्हां दोघांना भिंगापाशी बोलावलं. गवताच्या पाण्यात सगळं हलत होतं. जाड, बारीक, आखूड, लांब, आणि मधून एखादा मोठा, तोंडात दात असलेला. तो शिकारी. भाजीच्या पाण्यातही हालचाल होती, पण बहुतेक एकाच तऱ्हेची, मुळं खाणाऱ्यांची. शिकारी शोधूनही दिसेना.

"हे सगळे माझ्याकडेच कसे जेवायला?" दीर म्हणाले.

"त्यांना खाणारे तुम्ही नांगरून टाकलेत, भाऊजी."

गवत राहिलं. दिरांनी वाद घातला नाही. तिथे ट्रॅक्टरचे दोन पट्टे तेवढे उघडे पडलेत. वन्सं दर महिन्याला जाऊन त्यांतली माती काढतात आणि पिशव्या माझ्याकडे देतात. मोठे शिकारी त्यात अजून नाहीत. येतील ना, असं मी विचारलं. म्हणाल्या, बाजूला गवत आहे म्हणून येतील, पण वर्षं लागतील. उलटायला एक फेरी पुरते.

मी आता पहाटे त्या दोन पट्ट्यांसाठी मागते. मागायला काहीतरी मिळालं.

बाकी सगळं तसंच. डबा नेते, वाढते, त्या जेवतात. काल सवयीने विचारलं, मीठ नीट पडलंय का. त्या घास चावायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "कमी आहे."

मी उठून मीठ आणलं.