निर्माल्याचा उजेड

ऑक्टोबरातल्या सकाळी आमच्या टेकडीला कुजत्या सफरचंदांचा आणि ओल्या पानांचा वास येई, आणि त्या वासाच्या तळाशी काहीतरी जुनं, आंबूस, संथपणे श्वास घेत असल्यासारखं वाटे. डब्लिन या आमच्या अमेरिकी गावाच्या पलीकडे, मक्याच्या सपाट शेतांतून उठलेली ती टेकडी निसर्गाची नव्हती. साऱ्या काउंटीने वर्षानुवर्षं कचरा टाकून ती घडवली होती. तिच्यावरचे सीगल इतके लठ्ठ, की उडण्यापूर्वी त्यांना धावपट्टी लागे; आणि उन्हाळ्यात तिचा दरवळ असा उसळे, की वरून जाणारी विमानं, शपथेवर सांगतो, जराशी वळून जात. तिच्या पोटातला वायू विहिरींतून ओढून इंजिनांना पाजायचा आणि त्यातून वीज काढायची, ही माझी नोकरी.

अशा नोकरीचं वर्णन इथल्या मराठी मंडळाच्या पंगतीत साध्या शब्दांत करणं हा अन्नाचा अपमान ठरला असता. एका गणपतीत निर्माल्याचा प्रश्न निघाला. नदीत सोडायची परवानगी नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायला कुणाचा हात धजेना. तेव्हा मठ्ठ्याचा पेला उंचावून मी म्हणालो, "द्या माझ्या टेकडीला. ती फुलं पचवते आणि तुमच्या घरी दिवे लावते." सगळे हसले. मालतीकाकू हसल्या नाहीत. त्यांचे यजमान, अण्णाकाका, त्याच वसंतात गेले होते. त्यांच्या फोटोला वाहिलेली फुलं काकू तेव्हापासून कागदी पिशवीत साठवून माझ्या स्वाधीन करू लागल्या, आणि तिन्हीसांजेला स्वयंपाकघरातला दिवा लावताना बटणावरचा हात क्षणभर तसाच ठेवून हळूच म्हणू लागल्या, "आलात?"

मग दोन हजार सात साली काउंटीने ठरवलं, की स्वयंपाकघरातला आणि बागेतला ओला कचरा टेकडीकडे न पाठवता त्याचं खत करायचं. मंडळातर्फे या मोहिमेचा झेंडा घेतला तो माझ्याच बायकोने, वसुधाने. ऑफिसात साहेब विचारी, इंजिनांचं काय होणार, घरी वसुधा विचारी, "तू कचऱ्याचा वकील झालायस का रे?" मी दोघांनाही मान डोलवून होकार देई. टेकडीच्या पोटातलं जुनं खाणं अजून कित्येक वर्षं वायू देणार होतं, पण वरचे नवे थर रोडावत जाऊन पुढे कधीतरी एखादं इंजिन मुकं होणार, हे दिसत होतं. उलट टेकडी वेडीवाकडी खचणं कमी होणार, विहिरी कलंडायच्या थांबणार, वास ओसरणार, सीगलांना कंबर येणार. या गुंत्यात एक काटा मात्र मला एकट्यालाच टोचत होता. भात, भाजी, फुलं असलं मऊ काही इतक्या घाईने कुजतं, की थर झाकून विहीर खणेपर्यंत त्यातला पुष्कळसा वायू आभाळात निघून गेलेला असतो. इंजिनांना दीर्घकाळ पोसतात ते पुठ्ठे, लाकडं आणि जुनी वर्तमानपत्रं. म्हणजे काकूंच्या घरी रोज संध्याकाळी येत होतं ते बहुधा रविवारचं वर्तमानपत्र.

एका शनिवारी काकू पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. "वसुधा म्हणते, खताच्या ढिगात घाला. तू सांगशील तसं करीन," त्या मला म्हणाल्या, "पण मग संध्याकाळी ह्यांनी यायचं कुठून?"

"सांगा की, इंजिनिअरसाहेब," वसुधा म्हणाली.

विमानं वळवणारी माझी जीभ बाजूला ठेवून मी खत उलटायचा काटा घेतला. मी दोघींना मागच्या अंगणात नेलं. गवतावर पहिले हिमकण पडलेले, आणि वसुधाच्या खताच्या पेटीतून पांढरी वाफ उठत होती. काट्याने मी वरची पानं बाजूला केली. काकूंनी आधी तळवा वर धरला, मग सरळ आत खुपसला.

"गरम आहे रे."

तीच कुजण्याची क्रिया, मी पुटपुटलो. टेकडीत कोंडली की वायू होते, इथे हवा मिळते म्हणून नुसती ऊब होते. दिव्यापर्यंत जात नाही.

"इथे कुणाचा पाय पडत नाही ना फुलांवर?"

"नाही," वसुधा म्हणाली, आणि साळसूदपणे माझ्याकडे वळली. "तिकडे पडतो का रे?"

तिकडे हत्तीएवढं यंत्र लोखंडी दात्यांच्या चाकांनी दिवसभर सगळं तुडवत असतं. मला एकाएकी खोकला आला.

 काकूंनी शेवंतीची अर्धी फुलं ढिगात ओतली आणि उरलेली पिशवी माझ्या हातात दिली. "ही तुझ्या टेकडीला," म्हणाल्या. "उजेडाचीही सवय झालीय."

संध्याकाळी मी टेकडीच्या पायथ्याशी उभा होतो. इंजिनं गुरगुरत होती, यंत्र नुकतंच थांबलं होतं, दूरच्या घरांतून एकेक खिडकी उजळत होती आणि त्यांतली काकूंची कोणती ते ओळखू येत नव्हतं. पिशवी टाकायला हात उचलत नव्हता, परत न्यायलाही पाय वळत नव्हता. थंडी वाढत गेली तशी पिशवीचा तळ माझ्या तळव्याला कोमट लागू लागला; ही ऊब माझ्या हाताची की आतल्या फुलांची, ते मला काही केल्या कळेना.