पुस्तकात नसलेली प्रार्थना

एस्तेरबाई गेल्याचं कार्ड मला सांगलीत नवव्या दिवशी मिळालं. मेढ्याच्या पाळकांचं बारीक अक्षर आणि चारच ओळी... "एस्तेरबाई मंगळवारी सकाळी प्रभूकडे गेल्या. ताप दोनच दिवस होता. माती त्याच संध्याकाळी दिली. आपणांस कळवावं असं त्यांनी सांगितलं होतं." मी तेव्हा शाळेत चौथीच्या मुलींच्या वह्या तपासत होते. कार्ड वहीखाली सरकवलं आणि उरलेल्या सात वह्या तपासून संपवल्या. असं का केलं ते आजही सांगता येत नाही. वह्या संपेपर्यंत बाई जिवंत राहतील, अशी काही वेडी समजूत झाली असावी. शेवटच्या वहीत 'आई' हा शब्द चुकीचा लिहिला होता. तो दुरुस्त करताना लाल शाई कागदावर पसरली, तेव्हा कळलं की डोळ्यांतलं पाणी खाली पडतं आहे.

याला आता दीड महिना झाला. वाचकांपैकी कुणी एस्तेरबाईंना ओळखत असेल असं नाही. त्या मेढ्याच्या मिशनच्या बायबलबाई होत्या, म्हणजे वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या. मी एकोणिसाव्या वर्षी मेढ्याच्या शाळेवर शिकवायला गेले, तेव्हा त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. नवरा पटकीत गेलेला, पदरात एकुलता एक मुलगा. सकाळी भाकरी थापून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून बाई निघायच्या, त्या वेण्णा नदी ओलांडून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पिशवीत गाण्यांचं पुस्तक आणि उपासनेचं जुनं पुस्तक असे. त्या जुन्या पुस्तकाच्या पानापानांत त्यांनी रंगीत दोरे घातले होते. बाळंतिणीसाठीच्या प्रार्थनेला हिरवा, आजाऱ्यासाठी पिवळा, प्रवासाला निघालेल्यासाठी निळा, मातीच्या विधीला पांढरा. "काळोख्या घरात अक्षर हुडकत बसायचं कुठं गं," त्या म्हणायच्या, "दोरा हाताला लागला की पान गावतं." माणसाच्या आयुष्यात जे जे म्हणून घडतं, त्या सगळ्याला त्या पुस्तकात एक पान आहे, असा त्यांचा पक्का विश्वास होता. माझाही होता.

मुलाचं नाव दावीद. मी गेले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. इतका लाजाळू पोरगा मी पाहिला नाही. मीठ मागायला आईनं पाठवलं तर तो माझ्या दाराबाहेर वाटी घेऊन नुसता उभा राहायचा. हाक म्हणून मारायचा नाही. मी आपणहून दार उघडेपर्यंत अर्धा अर्धा तास. पुढं तो मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी शिकला, आणि लढाई सुरू झाल्यावर फौजेच्या दवाखान्यात शिपाई म्हणून भरती झाला. गावातली आणखीही पोरं त्या वर्षी गेली. मलायाकडून त्याची तीन पत्रं आली. चौथ्या पत्राऐवजी तार आली.

तार इंग्रजीत होती. ती मीच वाचली. "मावशी, दावीद बेपत्ता आहे असं लिहिलंय."

"बेपत्ता म्हंजी?"

"म्हणजे... त्याचा पत्ता लागत नाही."

बाईंनी तार माझ्या हातातून घेतली, इंग्रजी वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "म्हंजी पत्ता हाय. त्यांना लागत न्हाई, इतकंच."

त्या रविवारी पाळकांनी निळ्या दोऱ्याच्या पानावरची प्रार्थना दावीदचं नाव घेऊन म्हटली. पुढचे सहा-सात महिने दर रविवारी म्हटली. नंतर एका रविवारी म्हटली नाही. त्यांचा दोष नव्हता. प्रवासाला निघालेला माणूस किती दिवस प्रवासात असतो? पांढऱ्या दोऱ्याचं पान उघडायला मात्र बाईंनी साफ नकार दिला. त्या दिवशी उपासनेहून घरी आल्यावर पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकेक दोरा चाचपत बसल्या. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाल्या, "मालन, ह्यात जित्यासाठी हाय, मेल्यासाठी हाय. माझ्या दावीदसाठी न्हाई."

मग त्यांनी स्वतःच एक प्रार्थना केली. एका दिवसात नाही. रोज दिवेलागणीला म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता ती घडत गेली. भिंतीपलीकडून मला ती इतक्यांदा ऐकू आली की पाठच झाली. 'देवा, माझा दावीद कुठं हाय ते मला ठावं न्हाई, तुला ठावं हाय. उन्हात असंल तर सावलीला घे. उपाशी असंल तर कुनाच्या तरी हातानं घास दे. निजला असंल तर पांघरून घाल. आन् तुझ्याकडं आला असंल तर दार उघड, त्यो लाजाळू हाय, हाक मारनार न्हाई.'

पुढच्या वर्षी माझी बदली साताऱ्याला झाली. त्याच सुमारास मंडळ्यांनी, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चांनी, उपासनेचं पुस्तक नव्यानं छापायचं ठरवलं. जुन्याची भाषा अवघड, अक्षर बारीक. पाच जणांची समिती नेमली आणि माझं अक्षर बरं म्हणून हस्तलिखित उतरवायचं काम माझ्याकडे आलं. नव्या प्रार्थना कुणाकडे असल्यास पाठवाव्यात, असं पत्रक निघालं, तेव्हा मी बाईंना न विचारताच त्यांची प्रार्थना शुद्ध भाषेत उतरवून समितीपुढे ठेवली. नावाच्या जागी रेघ मारली. मनात केवढा आनंद होता! साताऱ्यापासून सांगलीपर्यंत किती घरांतून पोरं गेलेली, किती घरांत तसल्या तारा आलेल्या. आता त्यांना एक पान मिळेल, असं मला वाटलं.

समितीचे प्रमुख एक वृद्ध पाळक होते. त्यांनी प्रार्थना दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "फार सुंदर आहे. शेवटचं वाक्य गाळा, म्हणजे घेता येईल."

हे इतर वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की तो देवाच्या हाती गेला, त्याच्यासाठी मागून काही मागणं म्हणजे देवाच्या न्यायात हात घालणं, अशी आमची शिकवण. 'तुझ्याकडे आला असेल तर दार उघड'... हे मागणं मेलेल्यासाठीचं होतं. मी म्हटलं, "पण तो मेलाय की नाही हे तिला ठाऊकच नाही, साहेब." त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मी माझी दोन लेकरं या हातांनी पुरली. त्या दिवसापासून देवापुढे त्यांचं नाव घेतलेलं नाही. मला ते सोपं गेलं असं वाटतं का तुला?" त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, आजही येत नाही.

निरोप घेऊन मेढ्याला मलाच जावं लागलं. बाई दारात तांदूळ निवडत होत्या. न विचारता प्रार्थना पाठवली म्हणून रागावतील असं वाटलं होतं, पण आधी त्यांचा चेहरा उजळला. "पुस्तकात घालनार? माझी?" मी खाली मान घालून शेवटच्या वाक्याचं सांगितलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

"ती वळ काढली तर पोरगं भाईरच ऱ्हाईल की गं."

"मावशी, बाकीची सगळी राहील. तेवढंच एक वाक्य..."

"बाकीचं समदं त्येच्यासाठीच हाय का? माझ्या लेकरानं कुठल्या पानावर हुबं ऱ्हायाचं, तेवढं तुज्या साहेबांना इचार."

मी विचारलं नाही. साताऱ्याला परत आले आणि हस्तलिखितातलं ते पान काढून टाकलं. पुढची पानं पुन्हा क्रमवार लावली. तेव्हा एवढंच वाटलं, की क्रमांक जुळले पाहिजेत. कागदाच्या टंचाईपायी पुस्तक रखडत रखडत लढाई संपता संपता छापून निघालं. मी एक प्रत बाईंना नेऊन दिली. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली. "अक्षर मोठं हाय. बरं झालं," म्हणाल्या आणि जुन्या पुस्तकातले दोरे काढून एकेक करून नव्यात घातले. त्या पुस्तकाविषयी वाईट शब्द त्यांनी कधी काढला नाही. वस्त्यांवर तेच घेऊन फिरल्या. दिवेलागणीला आपली प्रार्थना मात्र पूर्ण म्हणत राहिल्या, शेवटच्या वाक्यासकट.

लढाई संपली. कैदेतली पोरं परत येऊ लागली. एके दिवशी दुपारी बाई साताऱ्याला माझ्या खोलीच्या दाराशी उभ्या. सर्व्हिस मोटारीनं एकट्याच आल्या होत्या, केस धुळीनं भरलेले. पाणी दिलं ते हातात धरून ठेवलं. म्हणाल्या, कुंडलकडचा एक शिपाई घर शोधत आला होता. दावीदबरोबर कैदेत होता. जंगलात रस्त्याच्या कामावर त्यांना नेलं, तिथं तापाची साथ आली. दावीद इतरांना पाणी पाजत होता, मग तोही पडला. कैदेच्या पहिल्याच पावसाळ्यात गेला. बांबूच्या बेटाशेजारी पुरला.

"म्या त्येला इचारलं, बाबा, शेवटी कुनाला हाक मारली का रं त्येनं? तर म्हनला, न्हाई मावशी. गप पडून व्हता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि तेवढ्यासाठीच त्या इतक्या लांब आल्या होत्या.

"पयल्याच पावसात गेला, म्हंजी तीन वर्सं म्या मेल्यासाठी मागनं मागत हुते. त्ये पाप झालं का, मालन? तू समितीत हुतीस."

"नाही मावशी! तुम्हांला ठाऊक नव्हतं."

"आता ठावं झालं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणा मावशी, म्हणत राहा, देव तुमच्या आमच्याइतका पानं मोजणारा नाही... हे सगळं मला रात्रंदिवस सुचतं आहे, आत्ता, त्या गेल्यावर. त्या दुपारी माझ्यातली समितीची लेखनिक मान हलवून म्हणाली, "हो. आता ठाऊक झालं."

बाईंनी पाणी पिऊन पेला पालथा घातला आणि परतीची मोटार गाठली. त्या दिवसापासून दावीदचं नाव त्यांनी देवापुढे घेतलं नाही. हे मला मेढ्याच्या पाळकांनी कौतुकानं सांगितलं. बाईंचा विश्वास किती दृढ, म्हणाले. मी पुढं सांगलीला आले. पत्रं येत, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली; बाईंना वाचता येई, लिहिता येत नसे. शाळा कशी आहे, खोकला गेला का, यंदा नाचणी बरी आहे. मुलाचा उल्लेख एकाही पत्रात नसे. मीही केला नाही.

गेल्या आठवड्यात सुट्टी काढून मेढ्याला गेले. खोली झाडूनपुसून रिकामी केलेली होती, नव्या बायबलबाई यायच्या आहेत. पुस्तकं मंडळीच्या कपाटात ठेवली, असं पाळक म्हणाले. दफनभूमीत बाईंच्या मातीवर लावलेला झेंडू वाळला होता. परत फिरताना कुंपणाशी तानूबाई भेटली, शेजारच्या आळीतली मराठ्याची म्हातारी. तिचा पोरगा शिवाही त्याच लढाईवर गेलेला. इतरांची पोरं परतली, मेल्यांची कागदं आली, शिवाचं काहीच आलं नाही. "समदीकडनं हात टेकल्यावर हिच्याकडं आले," तानूबाई सांगू लागली. "म्हनलं, इस्तरबाय, तुज्या द्येवाला तरी इचार. पयल्यांदा उंबऱ्याभाईर बसायचे. मग म्हनली, आत ये, वारं लागतंय. दोन वर्सं रोज दिवा लावताना आमी दोगी म्हनायचो. आता मी एकलीच म्हनते. चालतंय न्हवं बाई, तुमच्यातलं?"

"चालतं," मी म्हटलं. "म्हणा बघू."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. डोळे मिटले. "देवा," म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थोपवलं आणि थोडा वेळ जाऊ देऊन पुढं म्हणाली, "आमचा शिवा कुठं हाय ते आमाला ठावं न्हाई..." सगळी म्हटली, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. शिवा लाजाळू नव्हता, गावभर दंगा करणारा होता, तरीही तिनं 'त्यो लाजाळू हाय' असंच म्हटलं.

"मधेच थांबलात का?" मी विचारलं.

"हितं थांबायचं असतं. इस्तरबाय थांबायची, रोजच्या रोज. म्या कवा इचारलं न्हाई. तुमच्यातली रीत असंल."

आमच्यात अशी रीत नाही. तेवढ्या जागेत कोणतं नाव मावतं, ते मला माहीत होतं. मी तिला पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. ती "देवा" म्हणाली आणि थांबली. नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण घेतलं नाही. ती जागा बाईंनी स्वतः रिकामी ठेवली होती. मी डोळे मिटून तानूबाईजवळ उभी राहिले, आणि ती पुढं म्हणू लागेपर्यंत तिच्याबरोबर थांबले.