पत्र्याखालची अंगणवाडी

आई नाशिकजवळच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका होती. वाडीतली माणसं पहाटेच मेथी-कोथिंबीर खुडायला मळ्यात जायची आणि पोरं तिच्या हवाली करायची. खोली एकच, वर लोखंडी पत्रा. पूर्वी आमच्याकडे उन्हाळ्याचं कुणाला फारसं काही वाटायचं नाही. अलीकडे मात्र मार्च सरला की त्या खोलीची भट्टी व्हायची.

एका एप्रिलमध्ये मी माहेरी होते. आईचा डबा द्यायला गेले, तर खिडक्यांवर तिच्याच साड्या ओल्या करून टांगलेल्या. त्यातली एक तिनं माझ्या लग्नात नेसलेली. पोरं फरशीला गाल लावून पडली होती. एक चिमुरडी मला म्हणाली, "मावशी, वरचा पत्रा चावतो." आईनं तिला मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत बसली.

मला राहवलं नाही. "आई, छताचं मी करून देते. आजच माणूस बोलावते."

"नको. इथं माझी लेक हाय म्हणून होईल. पल्याडच्या वाडीतल्या पोरांचं कोण करंल?"

"मग?"

"सरकारनं करायचं. सगळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी पोरं मदतनीस बाईंवर सोपवून ती तालुक्याच्या कचेरीत गेली. सोबत मी होते. साहेब भले होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, वरून तसा आदेश नाही."

"मग तुम्ही वर कळवा, साहेब. ऊन दरसाल वाढतंय. साड्या मी भिजवीन, पण असं किती वर्षं निभवायचं?"

बाहेर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. साहेबापुढे एवढं ती पहिल्यांदाच बोलली होती. आम्ही रसवंतीत बसलो.

"लय बोलले का गं मी?"

"नाही गं," म्हणत मी तिचा हात हातात घेतला.

मग ती आजूबाजूच्या सेविकांना घेऊन जातच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात अंगणवाड्या सकाळी लवकर भरवायचा आदेश आला. काही पत्र्यांना पांढरा रंग लागला, काहींच्या पत्र्याखाली आतून छत बसलं. बऱ्याच खोल्या अजून तशाच आहेत. आई निवृत्त झाली, तरी नव्या सेविकांबरोबर कचेरीत जाते. परवा ती निघाली तेव्हा मी छत्री पुढे केली.

"छत्री राहू दे," ती चपला घालत म्हणाली, "तूच चल."