आत्याची करंगळी आणि निंजाची झेप

एका खोलीत पाच कॉम्प्युटर आणि हार मान्य न करणारी दहा माणसं आली, की किस्से आपोआप साठतात. ते कुणी जपून ठेवावे लागत नाहीत. झाडू मारायला गेलं तरी कोपऱ्यातून दोन-चार निघतातच. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या गेमिंग पार्लरची हीच गत आहे. पार्लर माझं, खोली माझ्या आत्याची, आणि तोरा सगळ्यांचा!

आधी खोलीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. या खोलीत तीस वर्षं शैलाआत्याचा टायपिंग क्लास होता. उज्जैनच्या निम्म्या कचेऱ्यांमधली बोटं तिच्या हाताखालून गेली आहेत. तिची पद्धत अशी, की विद्यार्थी मशीनवर बसला की त्याच्या दोन्ही हातांवर चौकड्यांचा नॅपकिन पसरायचा. बटणं दिसता कामा नयेत. कुणी नॅपकिन सरकवून डोकावला, की मागून आवाज यायचा, "खाली पाहिलंस? पान पहिल्यापासून!"

मग शेवटची ओळ बाकी असली तरी दयामाया नाही. कागद मशीनमधून सर्रकन बाहेर!

क्लास बंद झाला तेव्हा तिने खोली मला दिली आणि एकच अट घातली. "मन्या, इथे बोटं चालत राहिली पाहिजेत. बाकी तू काय करायचं ते कर." मशीनं गेली, कॉम्प्युटर आले. भिंतीवरच्या खिळ्याला तो नॅपकिन मात्र अजून आहे.

* * *

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो निंजाचा गेम. त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण आम्ही सगळे 'निंजा'च म्हणतो. काळ्या कपड्यातला गडी छपरांवरून पळतो, भिंतीवर चढतो, लोखंडी चांदण्या फेकतो, आणि एक फटका बसला की खेळ खलास. दुसरा चान्स नाही. वेग इतका, की पापणी लवली तर निंजा मेलेला असतो.

आमची स्टार खेळाडू नेहा. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या दिवशी खेळून उठली आणि म्हणाली, "भैया, हा गेम नाही, ही फोडणी आहे! तेल तापलं, मोहरी टाकली, की मग विचार करायला टाइमच नाही!"

मी स्वतः पहिल्याच पहारेकऱ्याकडून अकरा वेळा मेलो. मालकाची इज्जत राखायची म्हणून मी जाहीर केलं, की कीबोर्ड खराब आहे. नेहाने मला उठवलं, त्याच खुर्चीत बसली, पहारेकऱ्याला दोन सेकंदात आडवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लो भैया, कीबोर्ड ठीक हो गया!"

* * *

आमचे दुसरे मोठे खेळाडू दीपक पंडितजी. सकाळी राम घाटावर यजमानांची पूजा सांगतात, दुपारी धोतरातच इथे येतात. कुठलंही काम संकल्प सोडल्याशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचा नेम आहे. गेमही त्याला अपवाद नाही.

पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी आधी बटण दाबलं, मग उजव्या हातात पाणी घेतलं आणि डोळे मिटून सुरू केलं, "अवंतिका क्षेत्रे, शिप्रातटे..." तिथी झाली, वार झाला. गेम काही कुणाच्या संकल्पासाठी थांबत नाही. पंडितजी गोत्रापर्यंत पोचले तेव्हा निंजाचं काम तमाम झालं होतं!

त्यांनी डोळे उघडले, स्क्रीन पाहिला, हातातल्या पाण्याकडे पाहिलं.

नेहा गंभीरपणे म्हणाली, "पंडितजी, अब पानी हाथ में है ही, तो तर्पण कर दो."

तेव्हापासून आमच्याकडे कुणाचा निंजा मेला की 'मेला' म्हणत नाहीत. 'तर्पण झालं' म्हणतात.

* * *

गेल्या वर्षी आत्या घाटाच्या पायरीवरून घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, पण डावी करंगळी काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, या वयात इतपत चालायचंच.

आत्याला ते चालणार नव्हतं. घरी ठेवलेल्या एका मशीनवर ती रोज सकाळी एक पान टाइप करायची. त्या मशीनवर तिने कव्हर घातलं, ते काढायचं नाव घेईना. मी विचारलं तर म्हणाली, "जिने हजार पोरांच्या करंगळ्या वळवल्या तिचीच वळत नाही. कुणाला तोंड दाखवू?" आत्याला मी रडताना कधी पाहिलेलं नाही, त्या दिवशीही ती रडली नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही.

नेहाने तिला दाबायला रबरी चेंडू आणून दिला. आत्याने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला खेळायला दिला.

चौथ्या दिवशी पार्लरचे जिने चढून आली, चपला दाराबाहेर काढल्या, पंडितजींना उठवून त्यांच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हा तुमचा पळणारा माणूस कुठल्या बोटांनी चालतो, दाखवा."

चार सेकंदात तर्पण झालं. आत्याने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पान पहिल्यापासून."

* * *

या गेममध्ये निंजाची झेप सगळ्यात महत्त्वाची. तलवार अंगावर आली की झेप घ्यायची, नाहीतर संपलं. ती झेप असते डावीकडच्या शिफ्टवर, म्हणजे नेमकी डाव्या करंगळीच्या वाट्याची.

नेहाने काळजीने सेटिंग बदललं आणि झेप स्पेसबारवर आणून ठेवली. "आत्या, आता अंगठ्याने दाबा. बिलकुल त्रास नाही होणार."

आत्याने एक डाव खेळून पाहिला. मजेत दोन छपरं पार केली. मग थांबली.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, आत्या. तुमची करंगळी..."

"परत शिफ्टवर कर. वर्गातला जो मुलगा मागे असतो त्यालाच फळ्यावर बोलवायचं असतं. हुशार मुलाला बोलवून काय उपयोग?"

झेप परत शिफ्टवर गेली. पुढचे दोन आठवडे आत्या पहिल्या छपराच्या पुढे गेली नाही. रोज दुपारी तासभर यायची, चाळीस-पन्नास वेळा मरायची आणि चहा पिऊन घरी जायची. तिसऱ्या आठवड्यात करंगळी पहिल्यांदा वेळेवर खाली आली. निंजा तलवारीखालून सुटला. नेहाने अख्ख्या पार्लरला पेढे वाटले, आणि परीक्षेत पास झाली तेव्हा वाटले नव्हते!

* * *

गेमच्या शेवटी एक पांढऱ्या केसांचा म्हातारा येतो. दोन तलवारी, कपाळावर आठ्या, कुणी काही बोललं नसताना रागावलेला. पंडितजींनी त्याचं नाव ठेवलं 'फूफाजी'. कारण लग्नात रुसून बसणारे फूफाजी हुबेहूब असेच उभे असतात! आमच्या पार्लरमधलं कुणीही त्यांना हरवू शकलं नव्हतं. शेवटी ते लागोपाठ तीन वार करतात, तीन झेपा घ्याव्या लागतात, आणि तिथेच सगळ्यांचं तर्पण व्हायचं.

आत्या पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा पंडितजी उत्साहाने ओरडले, "बुआजी, संभलके! फूफाजी आ गए!"

ओरडले आणि जीभ चावली. हिंदीत बुआ म्हणजे आत्या, तिचा नवरा तो फूफाजी, आणि आमचे काका जाऊन दहा वर्षं झालेली.

आत्याने स्क्रीनवरच्या म्हाताऱ्याला जरा निरखून पाहिलं. तो गिरकी घेऊन छपरावर गेला, तिथून खाली आला, पुन्हा वर गेला.

"हे आमचे नव्हेत," आत्या म्हणाली. "आमचे पाण्याचा तांब्यासुद्धा उठून घेत नसत."

* * *

एकदा एक मोठे साहेब आले. सरकारी गाडी खाली उभी, चेहरा लाल. त्यांचा कॉलेजातला मुलगा आमच्याकडे बसला होता. साहेबांनी दारातूनच सुरुवात केली. हे काय धंदे चालवलेत, मुलांचं आयुष्य बरबाद करता, बंद करून टाकीन!

मी हात जोडून उभा. तेवढ्यात शेजारच्या कॉम्प्युटरवरून, स्क्रीनवरची नजर न काढता, आवाज आला.

"कोण आहे रे? आवाज ओळखीचा वाटतो."

साहेबांनी मान वळवली आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप सरळ झाले. "मॅडम? तुम्ही?"

"मीच. हा तुझा मुलगा ना? बोटं चांगली आहेत. पण खाली पाहून खेळतो, तुझ्यासारखाच."

साहेब मुलाच्या शेजारी बसले. जाताना चपला हातात घेऊन जिना उतरले. माझी छाती त्या दिवशी इतकी फुगली होती, की संध्याकाळी शटर ओढताना वाकता येईना!

* * *

आता इंदौरवाले. इंदौर आणि उज्जैनचं कसं आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्याकडे सगळं मोठं. तिथल्या एका पार्लरची पाच पोरं एका रविवारी दर्शनाला आली आणि दुपारी आमच्याकडे टपकली. त्यांचा कॅप्टन खोली पाहून हसला. "आपके यहाँ घाट हैं भाई, निंजा नहीं!"

झालं! जागेवरच मॅच ठरली. दोन्हीकडे दहा-दहा जीव, म्हणजे थेट शेवटच्या लढतीचे दहा-दहा डाव, आणि फूफाजींना पाडेल तो जिंकला. बूट काढून पोरं बसली. पोरं चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांचे दहाही जीव त्या शेवटच्या तीन वारांत गेले. मग आम्ही. नेहाचे सहा गेले. पंडितजींचे तीन गेले, संकल्प एका ओळीत उरकूनसुद्धा! एक जीव उरला. नेहा उठली आणि तिने खुर्ची आत्यापुढे सरकवली.

कॅप्टन म्हणाला, "ये आंटी?"

मला भीती मॅचची नव्हती. ती करंगळी परक्या लोकांसमोर अडली असती, तर आत्या पुन्हा हा जिना चढली नसती, हे मला माहीत होतं.

आत्या बसली. फूफाजी आले. पहिली तलवार, दुसरी तलवार, गिरकी. मग ते तीन वार. पहिली झेप. दुसरी झेप. तिसरी! निंजा म्हाताऱ्याच्या पाठीमागे निघाला आणि एकच घाव. फूफाजी गुडघ्यावर आले आणि आडवे झाले.

पंडितजींनी पिशवीतला शंख काढून फुंकला. नेहा खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती. मी काय करत होतो मला आठवत नाही, पण घसा दोन दिवस बसला होता. इंदौरचा कॅप्टन आला, आत्याच्या पाया पडला, "मान गए, आंटी" म्हणाला. मग बसची वेळ झाली म्हणून सगळे दाराबाहेर बूट घालायला गेले.

आत्या मात्र उठली नाही. दोन्ही हात तसेच कीबोर्डवर.

"मन्या," ती म्हणाली, "तिसऱ्या झेपेला मी खाली पाहिलं. वळते की नाही ते बघायला."

"आत्या, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही!"

"मी पाहिलं ना."

"पण जिंकलो आपण! स्क्रीनवर लिहून आलंय!" नेहा म्हणाली.

"पान पहिल्यापासून," आत्या म्हणाली. "नॅपकिन आण."

मी खिळ्यावरचा नॅपकिन काढला, झटकला आणि तिच्या दोन्ही हातांवर पसरला. दारात इंदौरचा कॅप्टन एका पायात बूट घालून उभा होता. त्याने तो बूट काढला, आत आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.